एनिडचा दुसरा खांब

एनिड थर्कटलला मेव्हिस ग्रिमवुडचा हेवा वाटायचा. वेदरफर्डमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. एकट्या मेव्हिसला माहीत नाही, असं आम्ही समजत होतो.

दोघी शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत. शाळेत एकाच बाकावर बसल्या. नाताळच्या नाटकात मेव्हिस मेरी झाली, एनिड मेंढी. एनिडने दिलेल्या बिया मेव्हिसने कुंपणाशी नुसत्या फेकल्या आणि गावच्या जत्रेत भोपळ्याचं पहिलं बक्षीस घेतलं. एनिडचा नवरा लेन, लग्नाआधी, पहिला नाच मेव्हिसबरोबर नाचला होता. लेनला जाऊन बरीच वर्षं झाली. तो नाच एनिडने अजून माफ केलेला नव्हता.

"तिला खड्ड्यात ढकललं ना," ती मला म्हणाली होती, "तरी वर येताना हातात काहीतरी घेऊन येईल."

हे खोदकाम सुरू होण्याच्या आधीचं.

एनिड शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा तिने मला कस्टर्ड वाढलंय. साय नको म्हटलं की जास्त साय वाढायची. पुढे मी साहित्याची पदवी घेतली. त्या पदवीचं काय करायचं ते कळेना, म्हणून गावी परत आले. त्याच उन्हाळ्यात जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागेवर घरं बांधायचं ठरलं होतं. आमच्यासारख्या जुन्या गावात बांधण्याआधी खाली काय आहे ते बघावं लागतं. उत्खननवाले आले. त्यांनी गावातले हौशी लोकही हाताशी घेतले. निघालेले तुकडे दात घासायच्या ब्रशने धुवायचं काम मला मिळालं. एनिड जेवणाच्या सुट्टीत माझ्या टबाशेजारी पालथ्या बादलीवर बसून अंड्याचं सँडविच खायची. "हेस्टर," ती म्हणायची, "पदवी मिळवून मडकी घासतेस. मी बिनपदवीची घासली. मग फरक काय झाला?" अशी आमची मैत्री झाली.

आमचं गाव नॉर्मन किल्ल्यावर जगतं. चहाच्या दुकानाला किल्ल्याचं नाव, खाटकाला किल्ल्याचं नाव, केस कापणाऱ्यालासुद्धा. किल्ल्याच्या आधी इथे दलदल होती आणि बेडूक होते, असं शाळेत शिकवतात. एनिडला ते मान्य नव्हतं. तिचे वडील चर्चच्या आवारात कबरी खणायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची. एकदा उकरून काढलेल्या मातीत तिला हाडाचा कंगवा सापडला. दात जवळजवळ सगळे शाबूत. वडिलांनी तो तिच्या हातातून घेतला आणि शवपेटीमागोमाग खाली टाकला. कबरीतलं कबरीत. मोठेपणी शहरातल्या संग्रहालयात तिने काचेआड तसाच कंगवा पाहिला. खाली लिहिलं होतं, सॅक्सन.

तेव्हापासून ती सांगत आली, की नॉर्मन यायच्या कितीतरी आधी इथे सॅक्सन लोकांची वस्ती होती, आणि ती चर्चला लागून होती. गावच्या इतिहास मंडळात ती बोलायला उभी राहिली की लोक खुर्च्या सरकवायला लागत. मेव्हिस त्या मंडळात बिस्किटांसाठी यायची.

उत्खननाचा प्रमुख कॅलम. तिशीचा, उन्हाने नाक सोललेला. त्याने जागेचे चौकोन पाडले. दोन चौकोनांच्या मध्ये न खोदलेल्या मातीचा एकेक बांध ठेवला. बांधाच्या कडेवर मातीचे थर एकावर एक दिसतात, म्हणून तो शेवटपर्यंत ठेवायचा असतो. कुठला चौकोन कुणाला, हे टोपीतल्या चिठ्ठ्यांनी ठरलं. मेव्हिसला चर्चच्या बाजूचा आला. एनिडला त्याच्या शेजारचा, जुन्या सार्वजनिक मुतारीला लागून.

एनिडने तिथल्या तिथे बदलून मागितला. "चर्चकडे उतार आहे," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्याला झेपायचं नाही गं."

"बरं झालं आठवलंस," मेव्हिस म्हणाली, आणि चिठ्ठी देऊन टाकली.

तेव्हा पुढे जे झालं ते एनिडने स्वतःच्या हाताने मेव्हिसला दिलेलं होतं. हे तिला कुणी कधी बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती.

एनिडच्या चौकोनात विटा निघाल्या, घोड्याचा नाल निघाला, तंबाखूच्या चिलमींचे पांढरे तुकडे निघाले. त्याखाली लगेच पिवळी चिकणमाती लागली. ती माती माणसाने कधी हलवलेली नसते. उत्खननवाले तिला कोरी माती म्हणतात. कोरी माती लागली की संपलं. कॅलमने सांगितलं की बाजाराची फरसबंदी करताना इथली जमीन तासून काढली असणार. होतं नव्हतं ते तेव्हाच गेलं.

मेव्हिस मुतारीच्या बाजूला दोन उशांवर गुडघे टेकून बसायची आणि थापीने मातीला गुदगुल्या केल्यासारखं करायची. एका सकाळी तिने मान वर केली.

"एनिड, कोणीतरी इथे डोनट टाकलाय बघ."

तो डोनट नव्हता. भाजलेल्या मातीचं जाड कडं होतं, मुठीएवढं. त्याच्याशेजारी दुसरं होतं, मग तिसरं, एका ओळीत. कॅलम चौकोनात उतरला आणि खाली बसला तो बराच वेळ उठलाच नाही. ती मागाची वजनं होती. उभ्या मागाच्या दोऱ्यांना ताण द्यायला सॅक्सन बायका ती बांधत. माग मोडून पडला तेव्हा वजनं पडली तशीच राहिली. त्यांच्याखाली खोलगट तळ होता आणि एका टोकाला खांबाचा खड्डा. जमिनीत उकरून, दोन टोकांना दोन खांब रोवून, वर छप्पर टाकलेलं घर.

एनिड बरोबर होती. वेदरफर्डमध्ये सॅक्सन होते. सगळे तिच्याकडे बघत होते. ती बांधाच्या पलीकडे उभी होती, हातात बादली.

"मुतारीशी," एवढंच ती म्हणाली.

खोदकाम करणाऱ्यांचा एक रिवाज आहे. जे ज्याला पहिल्यांदा दिसतं ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. छापील अहवालात आकडा जातो, पण जागेवर आणि पबमध्ये नावच चालतं. आमच्याकडे 'जॉफचं गटार' होतं. आता 'मेव्हिसचं घर' झालं. ते नाव कायमचं असतं. वीस वर्षांनी दुसऱ्या गावात दोन उत्खननवाले भेटले तरी ते म्हणणार, वेदरफर्डला ते मेव्हिसचं घर निघालं होतं ना. एनिडने आयुष्यभर जे सांगितलं, ज्यासाठी ती स्वतःचं हसं करून घेत राहिली, त्याला मेव्हिसचं नाव लागलं.

ती माझ्याशेजारी बसून सँडविच खायची ते थांबलं. ती आपल्या कोऱ्या मातीत वाकून राहायची. बांधापलीकडून हसण्याचा आवाज आला की तिची थापी जोरात चालायची. मेव्हिस घरून केक आणायची तेव्हा एनिडला नेमकी भूक नसायची. खाटकाच्या दुकानात कुणीतरी मेव्हिसला "काय, सॅक्सन राणी" म्हटलं. एनिड रांगेत मागे होती. ती मांस न घेता घरी गेली.

त्यातच कंगवा निघाला. मेव्हिसच्या घराच्या तळात, हाडाचा, अर्धा.

कॅलमने सगळ्यांना बघायला बोलावलं. एनिड आली. तिने वाकून पाहिलं. इतका वेळ की मला वाटलं ती खाली पडेल.

"माझ्या कंगव्याला दात जास्त होते," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ती चौकोनात गुडघ्यांवर होती आणि मातीवर पाण्याचा फवारा मारत होती. माती ओली केली की रंग उठून दिसतात.

"हेस्टर, इकडे ये. हे बघ. काळसर गोल. दिसतोय ना?"

मला पिवळी माती दिसत होती. मी तसं सांगितलं.

"ऊन समोरून येतंय म्हणून," ती म्हणाली. "जा तू. भांडी घास."

मी जाऊन भांडी घासली. दुपारी तिच्या चौकोनात खांबाचा खड्डा होता. गोल, स्वच्छ, कडा नीट कापलेल्या. कॅलम धावत आला, बघितलं आणि पहिल्यांदा रागावला.

"एनिड, अर्धा. आधी अर्धाच खणायचा. किती वेळा सांगितलंय मी तुम्हाला?"

अर्धा खड्डा खणून उरलेला अर्धा तसाच ठेवायचा, हा त्यांच्या कामातला पहिला धडा. उरलेल्या अर्ध्याच्या कडेवर खड्ड्याची माती आणि बाहेरची माती वेगळी दिसते. तोच पुरावा. एनिडला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"फार उथळ होता रे," ती म्हणाली. "हात लावला आणि निघून आला."

कॅलमने खड्ड्याच्या तळावर बोटं फिरवली. मग उभा राहून बांधापलीकडे मेव्हिसच्या खांबाकडे पाहिलं. दोन्ही एका रेषेत होते. जमीन तासली गेली तेव्हा घराचा तळ गेला असेल, तो स्वतःशीच बोलत होता, पण खांब खोल असतो, त्याचा बुडखा उरला असेल. म्हणजे घर बांधाखालून इकडेपर्यंत येतं. नेहमीच्या घरांच्या जवळजवळ दुप्पट. अख्ख्या परगण्यात एवढं मोठं निघालेलं नव्हतं. कॅलमचा राग कुठल्या कुठे गेला. त्यालाही ते हवं होतं.

असं होतं, त्याने मला नंतर सांगितलं. खूप बघत राहिलं की मातीत खड्डा दिसायला लागतो, आणि दिसला की थापी तो कापत जाते. प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होतं. म्हणूनच अर्धा खणायचा.

पण ते नंतर. त्या आठवड्यात घराचं नाव 'एनिड आणि मेव्हिसचं घर' झालं. स्थानिक पेपरवाला आला. दोघींचा फोटो निघाला, मध्ये बांध, दोघींचे हात बांधावर. एनिडचं नाव आधी छापलं होतं. तिने पहिल्यांदाच केक आणला, लिंबाचा, आणि सगळ्यात मोठा तुकडा मेव्हिसला दिला. "खा गं," ती म्हणाली. "गुडघ्याला ताकद येईल." इतिहास मंडळाने तिला भाषणाला बोलावलं. खुर्च्या कुणी सरकवल्या नाहीत.

ती माझ्याशेजारी सँडविच खायला परत आली. मेव्हिसबद्दल एक शब्द बोलली नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

शेवटी बांध काढायची वेळ आली. मोठ्या घराचा मधला भाग त्याच्याखाली होता. दोघींनी आपापल्या बाजूने खोदत यायचं ठरलं. कॅलमने बांधाच्या मधोमध दोरी बांधली. अलीकडे एनिड, पलीकडे मेव्हिस. मी दोघींच्या बादल्या उचलायला होते.

वरचे थर भराभर निघाले. मेव्हिसच्या बाजूला घराची काळी माती चालू राहिली. एनिडच्या बाजूला आधी पिवळी माती लागली. तिची थापी सावकाश झाली. मग दोरीपासून वीतभर अलीकडे काळी माती सुरू झाली. तिची कड एनिडच्या बाजूने स्पष्ट वळून आली होती आणि मिटली होती. घर तिथे संपत होतं. आणि त्या कडेच्या आत एक गोल होता, काळाभोर, भोवती गोटे ठोकून बसवलेला. फवाऱ्याची गरज नव्हती. मलाही दिसला.

तो दुसरा खांब होता. घर नेहमीच्या घरांएवढंच होतं. एनिडचा खड्डा त्याच्या बाहेर, कोऱ्या मातीत, एकटा होता.

एनिडने इकडेतिकडे पाहिलं. कॅलम लांब, पाहुण्यांना गटार दाखवत होता. तिने गुडघ्याखालची चटई उचलली, त्या गोलावर पसरली आणि तिच्यावर बसली.

चहाची सुट्टी झाली. सगळे उठले. एनिड बसूनच राहिली. मी तिच्यासाठी चहा आणला तर तिने घेतला नाही. तिच्या हातात थापी होती. थापीचे चार हात मारले असते तर गोल गेला असता, कड गेली असती, आणि घर मोठंच राहिलं असतं. मी बघत होते हे तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मेव्हिस लंगडत आली, दोरीपलीकडे आपल्या उशांवर टेकली.

"अंडी उबवतेस का गं?" तिने विचारलं. "सरक बघू."

एनिड सरकली नाही. मेव्हिसने हात लांब करून चटईचा कोपरा उचलला. पाहिलं. पुन्हा खाली ठेवला. मग एनिडच्या चौकोनातल्या त्या स्वच्छ गोल खड्ड्याकडे तिची नजर गेली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"खरवडून टाक," ती हळूच म्हणाली. "कोण बघतंय? हेस्टर काही बोलायची नाही. तुझं घर मोठं राहू दे."

"तुझं काय जातं, नाही का," एनिड म्हणाली.

"माझं काहीच जात नाही. म्हणून तर म्हणते. सात वर्षांच्या होतो तेव्हापासून तू माझ्याकडे अशी बघतेस. मला काय दिसत नाही? घे की एकदाची. मी देते."

एनिडचा चेहरा मी विसरू शकत नाही. मारलं असतं तर ती तशी दिसली नसती. हातची संधी तिने इतका वेळ धरून ठेवली होती. मेव्हिसने हो म्हटलं आणि ती संधी मेव्हिसची झाली, भोपळ्यासारखी.

"तुझ्याकडून नको," एनिड म्हणाली.

ती उठली. चटई काढून लांब फेकली.

"कॅलम," तिने हाक मारली. आवाज शाळेच्या स्वयंपाकघरातला होता, त्या आवाजाने पूर्वी शंभर पोरं गप्प होत. पाहुणेही वळले. "इकडे ये. दुसरा खांब इथे आहे. आणि तो माझा खड्डा नकाशावरून खोड. तो मी मातीत कोरलाय."

कॅलम आला. त्याने खऱ्या खांबाकडे पाहिलं, मग खोट्याकडे.

"मला दिसला होता," एनिड म्हणाली. "शपथेवर सांगते, दिसला होता."

"हो," कॅलम म्हणाला. "मलाही."

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. बेकरीत ही गोष्ट तिच्या आधी पोहोचणार होती. पेपरात दोन ओळींची दुरुस्ती येणार होती. घराला पुन्हा एकटीचं नाव लागणार होतं, कारण पहिल्यांदा ते मेव्हिसलाच दिसलं होतं. हे सगळं एनिडला कळत होतं. ती मेव्हिसकडे बघत होती आणि तिचे डोळे अगदी कोरडे होते. खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. असा चेहरा त्यात कुठे नव्हता.

खांब दोरीच्या अलीकडे होता. म्हणून तो एनिडने खणायचा. कॅलमने थापी तिच्या हातात दिली. तिने गोलाच्या मधोमध रेघ मारली आणि अर्धा खणायला घेतला. फक्त अर्धा. मी बादली धरायला गेले तर मेव्हिसने ती आधीच धरली होती, दोरीवरून वाकून.

"हलू नकोस," एनिड म्हणाली. "सावली पडते."

मेव्हिस हलली नाही. तिचा गुडघा दुखत होता हे तिच्या ओठांवरून कळत होतं. काळी माती निघत राहिली. गोटे निघाले, मेंढीचं एक हाड निघालं. बाकी काही नाही. एक खांब होता, तो कुजला, त्याच्या जागी माती भरली. उरलेल्या अर्ध्याच्या कडेवर ते सगळं दिसत होतं, पिवळ्यात काळं.

"रिकामाच की," मेव्हिस म्हणाली.

एनिडने मोजपट्टी मागितली. मी दिली. तिने ती खड्ड्यात उभी धरली, अंगठ्याने खूण पकडली आणि खूण तशीच धरून मेव्हिसच्या चौकोनात गेली. मेव्हिसच्या खांबाच्या खड्ड्यात पट्टी उभी केली. अंगठा कडेच्या वर राहिला.

"माझा खोल आहे," ती म्हणाली. "दोन बोटं."

कॅलमने बघितलं. खरंच होता.

मेव्हिसने बादली खाली ठेवली. ती एनिडच्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिचा हसरा, गोल चेहरा मला अनोळखी वाटला. त्याच्यावर जे आलं होतं ते मी रोज दुसऱ्या चेहऱ्यावर पाहत आले होते, म्हणून ओळखता आलं.

"दोन बोटांनी काय होतंय," ती म्हणाली. "माझ्यात तळाशी अजून माती असेल."

तिने उशी ओढली, आपल्या खड्ड्यात वाकली आणि थापी चालवायला लागली. पिवळी माती उडाली.

"मेव्हिस, थांबा," कॅलम ओरडला. "कोरी माती आहे ती."

"थोडी काळसर दिसतेय," मेव्हिस म्हणाली.

एनिड बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर बसली. तिने गार झालेला चहा माझ्या हातातून घेतला आणि सावकाश प्यायला लागली.